मशीनला पेठ नसते

"आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही," मी माईक तोंडाजवळ ओढत म्हणालो, "आणि ज्याचा बसेल त्यानं घरी जाऊन डोकं तपासून घ्यावं. फुटबॉलमध्ये व्हिडिओ बघून निकाल द्यायची पद्धत साहेबाच्या देशात निघाली, असं हे टीव्हीवाले सांगतात. साफ खोटं. ती निघाली कोल्हापुरात. एकोणीसशे एकोणनव्वद साल, मे महिना, सकाळी साडेनऊ, माझ्या दुकानात. तिकडं पोचायला तिला तीस वर्षं लागली. बोटीनं गेली असणार."

हॉल हसला. पहिलं हसू मिळालं की मला पुढं कुणी आवरू शकत नाही, हे माझ्या बायकोनं लग्नाच्या आठव्या दिवशी ओळखलं होतं.

हॉल म्हणजे वाघजाई तालमीचा वरचा मजला. गेल्या डिसेंबरातली गोष्ट. फुटबॉलचा सीझन तोंडावर आला होता आणि यंदा पेठांच्या सामन्यांना मैदानाच्या चारी बाजूंना कॅमेरे लावायचे, वादाचा गोल पंचानं टीव्हीवर पुन्हा बघायचा आणि मग निकाल द्यायचा, असं काहींचं म्हणणं होतं. काहींचं म्हणणं, आजवर पंचानं डोळ्यांनी दिलेले निकाल चालले, मग आताच काय झालं. त्यावर बोलायला पन्नासेक माणसं जमली होती. खेळाडू, पंच, तालमीचे कारभारी. आणि मी, गजानन मिठारी, वय वर्षं शहात्तर, लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा धंदा मुलाकडे देऊन मोकळा झालेला. मला बोलावलं होतं ते या विषयातला पूर्वज म्हणून. हार घालून झाला होता, फक्त भिंतीवर टांगायचं बाकी होतं.

दुसऱ्या रांगेत घोरपडे मॅडम बसल्या होत्या. पंचांना शिकवायला सांगलीहून येतात, एवढंच मला सांगितलेलं. पन्नाशीच्या आसपासच्या, मांडीवर वही, हातात पेन. त्या हसल्या नव्हत्या. प्रत्येक सभेत एक न हसणारं माणूस असतंच, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

"त्या सालची फायनल वाघजाई विरुद्ध निशाण," मी सुरू केलं. "वाघजाई म्हणजे आपण. निशाण म्हणजे ओढ्यापलीकडचे. त्या काळात हरलेल्या पेठेत दोन दिवस दूधवाल्यालासुद्धा दार उघडत नव्हते."

"आत्ताबी न्हाई उघडत," मागून कुणीतरी म्हणालं.

"सर्जेराव माने, आपल्या तालमीचे वस्ताद, त्यांना सगळे आबा म्हणायचे. ते आदल्या दिवशी माझ्या दुकानात आले. म्हणाले, गजा, फायनल लग्नासारखी काढायची. कोण पण सुटता कामा न्हाई. मी म्हटलं, आबा, माझ्या कॅमेऱ्यातनं माशी सुटायची न्हाई. चेंडूला घाम आला तर घामाचा थेंब दाखवतो."

"काका, कॅमेरा कसला होता?" हे वाघजाईचा गोलकीपर हर्षल. सहा फूट उंच, पण प्रश्न विचारताना शाळेतल्यासारखा हात वर करतो.

"व्हीएचएसचा. खांद्यावर घ्यायचा. वजन अकरा किलो. हा बघ, माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन इंच खाली आहे. शिंप्याला विचार, तो मापं वेगवेगळी घेतो."

खरं वजन तीन किलोच्या आसपास असेल. पण एकदा अकरा सांगितलं की ते अकराच राहतं.

"आणि पंच होते इंगवले मास्तर," मी म्हणालो. "म्युन्सिपाल्टीच्या शाळेत पीटी शिकवायचे. राहायला आपल्या वाघजाई गल्लीत, आबांच्या घरासमोर. आता तुम्ही म्हणाल, वाघजाईच्या सामन्याला वाघजाईतलाच पंच कसा? मास्तरांनी स्वतःच अर्ज दिला होता, मला या सामन्याला पंच करू नका म्हणून. निशाणवाल्यांनी तो फेटाळायला लावला. ते म्हणाले, पंच असला तर इंगवले मास्तर, नाहीतर आम्ही खेळत नाही."

जुन्या लोकांनी माना हलवल्या. मी पुढं सांगत गेलो. सामना कसा अटीतटीचा झाला, ऊन कसं असं होतं की कॉर्नरचा झेंडा स्वतःची सावली शोधत होता. शेवटच्या मिनिटापर्यंत दोन्हीकडे शून्य. मग वाघजाईच्या संभा सरनाईकनं डोकं घातलं. चेंडू आडव्या दांड्याला खालच्या अंगानं लागला, खाली आपटला, उसळला आणि निशाणच्या गोलकीपरनं पोटाशी धरला.

"आत का बाहेर?" मी हॉलला विचारलं. "वीस हजार माणसांनी एकदम श्वास आत घेतला. मैदानावरचा वारा संपला. झाडाची पानं हलायची थांबली. मास्तर रेषेपासून दहा पावलांवर होते. त्यांनी हात आडवा हलवला. गोल नाही."

"मग?"

"मग टायब्रेकर. आपण चार-तीन हरलो. आणि वाघजाई पेठेनं ठरवलं की मास्तर विकले गेले. संध्याकाळी त्यांच्या भिंतीवर चुन्यानं लिहिलं गेलं. नळावर त्यांच्या बायकोची घागर रांगेतनं उचलून शेवटी ठेवली. मास्तर सकाळी साडेनऊला माझ्या दुकानात आले, त्यांच्या मागं आबा आणि आबांच्या मागं अख्खी पेठ. मास्तर म्हणाले, गजाभाऊ, तुम्ही काढलंय ना? लावा कॅसेट."

मी थांबलो. अशा ठिकाणी थांबायचं असतं.

"मी टीव्ही रस्त्याकडं तोंड करून ठेवला. कॅसेट लावली. चेंडू आला, दांड्याला लागला, खाली पडला. मी तिथंच थांबवली. रेषेच्या आत सव्वा वीत! दोनशे माणसांनी बघितलं. मास्तर दोन मिनिटं पडद्याकडं बघत राहिले आणि मग गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी माझ्या गळ्यात घातली. म्हणाले, गजाभाऊ, आजपासून खरे पंच तुम्ही. मशीनला पेठ नसते." मी खिशातून शिट्टी काढून वर धरली. "ही ती शिट्टी."

टाळ्या पडल्या. सभेच्या अध्यक्षांनी शिट्टीचा फोटो काढला. कुणीतरी म्हणालं, "बघा, माणूस चुकतो, मशीन न्हाई चुकत. लावा कॅमेरे." मी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला.

या ठिकाणी मी नेहमी पाणी पितो. पस्तीस वर्षं ही गोष्ट मी सांगत आलो आहे, लग्नांच्या पंगतीत, तालमीच्या कट्ट्यावर, एकदा तर इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या माणसाला, आणि दर वेळी इथं घशाला कोरड पडते. ग्लास रिकामा व्हायला लागतो तेवढ्या वेळात खरं काय झालं ते तुम्हाला सांगून टाकतो. त्या हॉलमध्ये ते सांगितलं नव्हतं.

शिट्टी मास्तरांचीच आहे. "मशीनला पेठ नसते" हेही त्यांचंच वाक्य. बाकीचं असं झालं, आणि त्या सकाळी दुकानासमोर असलेल्यांतले जे उरलेत तेही आता माझीच गोष्ट खरी मानतात.

त्या कॅमेऱ्याला अंगठ्याजवळ एक बटण होतं. एकदा दाबलं की टेप चालू, पुन्हा दाबलं की बंद. लग्नात आम्ही कॅसेट वाचवायला सतत हे करायचो. भटजी पाणी प्यायला थांबला की बटण, मंत्र सुरू झाले की बटण. फायनललाही मी तेच करत होतो, कारण आबांना नंतरची मिरवणूक त्याच कॅसेटवर हवी होती. चेंडू बाहेर गेला की बटण दाबायचं आणि कॅमेरा हँडलला धरून खाली सोडायचा, खांद्याला विसावा. चेंडू आत आला की पुन्हा खांद्यावर, पुन्हा बटण.

टेप चालू असली की कॅमेऱ्याच्या तोंडावर लाल दिवा लागतो. पण लग्नातली माणसं त्या दिव्याकडं बघून ताठ होतात, पोटं आत घेतात, म्हणून मी त्यावर काळी चिकटपट्टी लावून ठेवली होती. माझी ती युक्ती शहरात प्रसिद्ध होती. डोळा लावायच्या भिंगात कोपऱ्यात बारीक अक्षरंही येतात. पण अक्षरं कोण बघतंय, मी चेंडू बघत होतो.

हाफटाइमला मी भाजक्या शेंगा घेतल्या. शेंगा फोडता फोडता सामना सुरू झाला, गडबडीत बटण एकदा जास्त दाबलं गेलं असणार. एकदाच. त्यानंतर सगळं उलटं. मी चालू समजत होतो तेव्हा बंद, आणि बंद समजत होतो तेव्हा चालू.

हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

"आधी मी आत एकटा बघतो," मी मास्तरांना म्हणालो होतो. "पुढं-मागं करून जागा शोधायला लागते." दुकानाला मागं एक पडदा होता, त्याच्या आड छोटा टीव्ही आणि व्हीसीआर. बाहेर पेठ उभी. पहिला हाफ छान आला होता. नाणेफेक, आबांचं भाषण, संभाची धाव. मग दुसरा हाफ. पडद्यावर माझे पाय आले.

मला वाटलं, चुकून. पुढं ढकललं. पाय. आणखी पुढं. पाय, शेंगांची टरफलं, कुणाची तरी पडलेली टोपी, पुन्हा पाय. माझ्या डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला होता, तो मी लाल वायरीनं गुंडाळून बांधला होता. ती लाल वायर इतकी स्पष्ट आली होती की विचारू नका. जपानी भिंग होतं.

गोल नव्हता. गोल झाला का नाही हा प्रश्नच नव्हता, ते मिनिटच कॅसेटमध्ये नव्हतं.

"काय दिसतंय रं गजा?" आबांचा आवाज.

"बघतोय आबा."

"आमाला बी दाव की. का लगीन लावालाईस आत?"

बाहेर हसले. मी पाय बघत बसलो होतो. त्या हंगामात वाघजाईतली चौदा लग्नं माझ्याकडं होती, ते डोक्यात आलं नाही असं म्हणणार नाही. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण, मी म्हणालो होतो की माझ्या कॅमेऱ्यातनं माशी सुटणार नाही, आणि पडद्याबाहेर दोनशे माणसं ते वाक्य लक्षात ठेवून उभी होती. बाहेर जाऊन "माझ्या कॅमेऱ्यात माझे पाय आलेत" असं सांगायचं आणि मग या शहरात जन्मभर राहायचं? मला ते जमलं नसतं. तेव्हा मी चाळिशीचा होतो, आणि लोक मला हसले तर ते माझ्या विनोदाला हसलेले असावेत एवढीच माझी अपेक्षा असायची.

मी पडदा सारून बाहेर आलो. आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मास्तर समोरच्या लोखंडी खुर्चीत बसले होते. पांढरी पँट, पांढरा शर्ट, गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी. रात्रभर झोपलेले दिसत नव्हते.

"बोला गजाभाऊ," ते म्हणाले. "असेल ते सांगा. गोल झाला असेल तर मी चुकलो म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. नसेल झाला तर तेवढं तुम्ही सांगा, म्हणजे आमच्या घरात पाणी येईल."

आता एक गोष्ट अशी आहे जी मी बायकोलाही सांगितली नाही. टेप बंद असली तरी भिंगातून दिसतं. त्या वेळी मी भिंगाला डोळा लावून होतो, जवळ ओढून. चेंडू खाली आला तेव्हा रेषेवरची पांढरी फक्की फुस्सकन उडाली. बरोबर रेषेवर. ती उडालेली फक्की आजही मला दिसते. गोल नव्हता. मास्तर बरोबर होते. वीस हजार माणसांत हे नक्की ठाऊक असलेली दोनच माणसं होती, एक खुर्चीत बसलं होतं आणि एक पडद्यापाशी उभं होतं.

"गोल आहे," मी म्हणालो.

मग जी आरोळी उठली ती ओढ्यापलीकडं गेली.

"किती आत?" मास्तरांनी विचारलं. फक्त त्यांनी विचारलं.

"सव्वा वीत."

हे सव्वा कुठून आलं मला माहीत नाही. नुसतं वीत म्हणालो असतो तर कदाचित त्यांना शंका आली असती. सव्वा म्हटल्यावर माणूस मोजून सांगतोय असं वाटतं.

"दाव, दाव सगळ्यांना!" आबा ओरडले. "टीव्ही भाईर काढ!"

मी आत गेलो. कॅसेट अर्धी बाहेर काढली, झाकण उघडलं आणि बोटांनी टेप ओढली. हातभर, दोन हात, तीन हात. चुरगाळली. मग तशीच लोंबकळती बाहेर घेऊन आलो. "मशीननं खाल्ली," मी म्हणालो. "नेमकी तिथंच. पण मी बघितलंय की डोळ्यांनी."

"तुझ्यायला, तुझ्या मशीनला बी आत्ताच भूक लागायची हुती?" आबा म्हणाले, पण ते रागावले नव्हते. त्यांना हवं ते मिळालं होतं. "काय मास्तर? ऐकलं न्हवं?"

मास्तर उठले. एवढा सरळ उठणारा माणूस मी नंतर बघितला नाही.

"मला चेंडू रेषेवर दिसला होता," ते हळू म्हणाले. "रात्री शंभर वेळा आठवून बघितलं. दर वेळी रेषेवरच. पण आबा, मी या पेठेतला माणूस. आपल्या पेठेला झुकतं माप जाईल या भीतीनं माझे डोळे उलटे झुकले असतील. मशीनला पेठ नसते." त्यांनी शिट्टीची दोरी डोक्यावरून काढली आणि माझ्या काउंटरवर ठेवली. माझ्या गळ्यात नाही घातली. काउंटरवर ठेवली, कॅसेटांच्या शेजारी. "चुकलो मी."

मग जाताना वळले. "गजाभाऊ, ती कॅसेट मला द्याल?"

"खराब झालीय मास्तर. काय करणार तिचं?"

"माझी चूक आहे तिच्यात. माझ्या घरी राहू दे."

दोनशे माणसांसमोर नाही कसं म्हणणार? आणि मला ठाऊक होतं, मास्तरांकडं साधा टीव्हीसुद्धा नाही, एक रेडिओ होता. दिली.

तालमीच्या दारात एक काळा फळा असतो. सामना कधी, वर्गणी किती, कोण वारलं, ते त्यावर लिहितात. त्या दुपारी मास्तरांनी स्वतः खडू घेऊन लिहिलं. पीटीच्या मास्तरांचं अक्षर इतकं सुंदर कसं असतं कुणास ठाऊक. "कालच्या सामन्यात माझ्याकडून चूक झाली. गोल झाला होता. वाघजाई तालमीची व खेळाडूंची क्षमा मागतो. शं. रा. इंगवले." आठ दिवस ते कुणी पुसलं नाही. दुकानात जाताना माझा रस्ता त्याच दारावरून. मी आठ दिवस मागच्या बोळातून गेलो.

कप निशाणकडंच राहिला, निकाल बदलत नसतो. पण नळावरची घागर पुढं आली, भिंतीवरचा चुना पोरांनी स्वतः घासून काढला. पेठेनं मास्तरांना माफ केलं, असं सगळे म्हणत. मास्तरांनी पुन्हा शिट्टी वाजवली नाही. सामन्याच्या दिवशी ते मैदानाच्या भिंतीबाहेर, रसाच्या गाड्यापाशी उभे राहायचे. आतल्या शिट्टीच्या आवाजावरून फाऊल कसला ते रसवाल्याला सांगायचे, म्हणे. आत कधी आले नाहीत. मी ती शिट्टी परत द्यायला दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि दोनदा तिथून माझ्या खिशातच परत आणली.

पंचाण्णव साली त्यांच्या मुलीचं लग्न झालं. शूटिंगला त्यांनी मलाच बोलावलं. "गजाभाऊच पाहिजेत" असं म्हणाले, हे मला निरोप्यानं सांगितलं. मी एरवी काढतो त्याच्या दुप्पट काढलं. निघताना मुलगी "अण्णा, अण्णा" करत त्यांच्या गळ्यात पडली, ते पूर्ण चार मिनिटं, बटणाला हात न लावता.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी मास्तर मला मंडईत भेटले. पिशवीत भोपळा. माझी विचारपूस केली, मुलाचं शिक्षण विचारलं. मग सहज खाली बघून म्हणाले, "चप्पल नवी घेतलीत वाटतं."

"हो की मास्तर. झाली आता वर्षं."

"ती लाल वायरीची चांगली होती," ते म्हणाले, आणि हसले. "टिकाऊ."

मी पण हसलो. पंचाची नजर, म्हटलं, काय काय लक्षात राहतं यांच्या. घरी येऊन बायकोला कौतुकानं सांगितलं सुद्धा. दोन हजार अकरा साली मास्तर वारले. मी सगळ्यात मागं चाललो होतो.

झालं. ग्लास खाली ठेवला.

हॉलमध्ये अजून टाळ्यांची गरमी होती. हर्षलनं पुन्हा शाळेतल्यासारखा हात वर केला.

"काका, ती कॅसेट हाय का ओ अजून? कॉम्प्युटरवर उतरून घेऊया. यूट्यूबला टाकूया की. कोल्हापूरचा पहिला व्हिडिओ निकाल म्हणून. लई बघतील."

"असती तर दिली नसती का, भावा?" मी म्हणालो. जीभ आपोआप चालते माझी. "एकोणीस सालच्या पुरात गेली. दुकानात माणसाएवढं पाणी होतं. कॅसेट पंचगंगेत वाहून गेली. आता तिकडं मासे बसलेत बघत. एक म्हणतोय आत, एक म्हणतोय बाहेर."

हॉल पुन्हा हसला. अध्यक्ष तर टेबलावर हात आपटून हसले. मी शिट्टी खिशात ठेवायला लागलो.

"काका." दुसऱ्या रांगेतून आवाज आला. घोरपडे मॅडम उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी वही खुर्चीवर ठेवली होती. "एक विचारू?"

"विचारा की मॅडम. तुम्ही पंचांच्या पंच. मला लाल कार्ड दाखवू नका म्हणजे झालं."

त्या हसल्या नाहीत. पण रागातही नव्हत्या. मला ते उभं राहणं ओळखीचं वाटलं. इतकं सरळ कोण उठतं, ते आठवेपर्यंत त्या बोलायला लागल्या होत्या.

"तुम्ही मला ओळखलं नाहीत. माझं लग्न तुम्हीच काढलं होतं. मी इंगवले मास्तरांची शैला."

हॉलमधलं हसू थांबलं. पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागं वळून बघितलं. माझा हात खिशातच राहिला.

"लग्नानंतर पाचव्या दिवशी मी माहेरी आले होते," त्या म्हणाल्या. "लग्नाची कॅसेट बघायला अण्णांनी टीव्ही-व्हीसीआर भाड्यानं आणला होता. शेजारपाजारचे बघून गेले. मग अण्णांनी ट्रंकेतनं दुसरी एक कॅसेट काढली. तिची टेप चुरगाळलेली होती. ती त्यांनी बोटानं सारखी करून, हळूहळू गुंडाळून ठेवली होती, सहा वर्षांपूर्वीच. म्हणाले, शैला, बस माझ्याजवळ. माझी चूक मला एकदा बघायची आहे."

अध्यक्षांनी फोटो काढलेला फोन टेबलावर पालथा ठेवला.

"दुसरा हाफ संपेपर्यंत आम्ही दोघं बघत होतो. मी रडायला लागले, म्हटलं, आत्ताच्या आत्ता तालमीत जाऊया, सगळ्यांना दाखवूया. अण्णा म्हणाले, नको. गजाभाऊंना शहरात तोंड दाखवायचं असतं, त्यांचं पोट त्या कॅमेऱ्यावर आहे. माझं शिट्टीवर नव्हतं." त्या म्हणाल्या. "म्हणून आजवर मी कुणाला बोलले नव्हते. आज इथं तुमच्या गोष्टीवरून पंचावर विश्वास ठेवायचा का मशीनवर ते ठरणार आहे, म्हणून बोलते."

"मॅडम…" मी म्हणालो. मी ग्लास उचलला, तो रिकामा होता.

"काका, कॅसेट पुरात गेलेली नाही. आमच्या कपाटात आहे," त्या म्हणाल्या, अगदी हळू, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "आणि तिच्यात गोल नाही. तिच्यात तुमचे पाय आहेत. डाव्या चपलेच्या अंगठ्याला लाल वायर आहे."